रोबेर-उदँ, ज्याँ यूजेन

(7 डिसेंबर 1805–13 जून 1871). फ्रेंच जादूगार व घड्याळजी. जन्म ब्ल्वा येथे, घड्याळजीच्या घरात. आत्मकथेत मात्र त्याने जन्मदिनांक 6 डिसेंबर दिला आहे. मूळ आडनाव रोबेर. 1830 मध्ये सेसील उदँशी विवाह झाल्यावर पत्नीचे आडनाव त्याने आपल्या नावाला जोडले. घड्याळांवरचा ग्रंथ मागितला असता दुकानदाराने चुकून जादूची पुस्तके बांधून दिली आणि तेथून हा नाद लागला, असे तो सांगतो.

3 जुलै 1845 रोजी पॅरिसच्या पाले-रोयालमध्ये त्याने स्वतःचे छोटे नाट्यगृह उघडले. झगे आणि भडक सामान टाळून दिवाणखान्यासारख्या मंचावर, संध्याकाळच्या मेजवानीच्या पोशाखात तो खेळ करी. ही प्रथा त्यानेच प्रथम पाडली, असे मात्र म्हणता येत नाही.

त्याची खरी थोरवी यंत्ररचनेत आहे. ‘संत्र्याचे झाड’ या प्रयोगात पोकळ फांद्यांमधून हवेच्या दाबाने रेशमी फुले बाहेर येत; खरी संत्री आधीपासूनच टाचण्यांवर खोचलेली असत व त्यांच्यावरचे पानांसारखे रंगवलेले पडदे सरकले की ती ‘पिकत’. संत्री प्रेक्षकांत वाटली जात. शेवटचे फळ उमले आणि कोणा बाईंकडून मागून घेतलेला रुमाल दोन यांत्रिक फुलपाखरे त्यातून वर उचलत. चाके, दोऱ्या आणि भाता यांचा इतका नेमका मेळ घड्याळजीच्याच हाताला साधावा. डोळे बांधलेला मुलगा एमिल वडिलांच्या हातातील वस्तू ओळखी, तो ‘दुसरी दृष्टी’ हा खेळही (1846) गाजला. 1848 मध्ये लंडनला प्रयोग.

1856 मध्ये फ्रेंच सरकारने त्याला अल्जीरियात पाठवले. स्थानिक मराबूत धर्मपुरुषांचा लोकांवरील प्रभाव मोडावा, हा त्यामागचा हेतू होता. तेथील एका खेळात लोखंडी तळाची हलकी पेटी मंचाखालील विद्युतचुंबकाने अशी धरून ठेवली जाई की बलदंड माणसालाही ती हलत नसे. या दौऱ्याचे वर्णन प्रामुख्याने त्याच्याच लेखणीतून आलेले आहे. राजकीय परिणामाचे त्याचे दावे म्हणूनच जपून घ्यावेत.

निवृत्तीनंतर ब्ल्वाजवळील घरी विजेच्या घड्याळांवर व नेत्रतपासणीच्या उपकरणांवर काम. आत्मकथा 1858 मध्ये प्रसिद्ध. तीतील गुरू ‘तोरिनी’ हे पात्र बहुधा कल्पित असावे.

अमेरिकेतील जादूगार हॅरी हुडिनीने आपले रंगमंचीय नाव त्याच्यावरूनच घेतले व 1908 मध्ये त्याच्यावर कठोर टीका करणारे पुस्तक लिहिले. रोबेर-उदँच्या नावाचे पॅरिसमधील नाट्यगृह 1888 मध्ये जादूगार व पुढे चित्रपटकार झालेल्या जॉर्ज मेलिएसने विकत घेतले. पुढे तेथेच मेलिएसचे चित्रपट दाखवले जाऊ लागले.