दाभोळची अंडा मशीद

आम्ही सोलापूरकर समुद्रापासून लांबचे. विजापूर मात्र शंभरेक किलोमीटरवर, त्यामुळे आदिलशाही घुमट लहानपणापासून ओळखीचे. तसाच घुमट कोकणात, दाभोळच्या धक्क्याजवळ दिसला आणि मी धोपाव्याची फेरीबोट सोडून दिली.

वाशिष्ठीच्या मुखावरचं हे बंदर आदिलशाहीचं. इथे उतरलेले अरबी घोडे घाट चढून आमच्या मुलखात येत. इथूनच हजला जाणारे जहाजात बसत. ३० डिसेंबर १५०८ रोजी पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मैदाने गाव जाळलं. बायकापोरंही सोडली नाहीत. त्याच वर्षी चौलच्या लढाईत त्याचा मुलगा पडला होता, त्याचा हा सूड. चौल निजामशाहीचं, दाभोळ आदिलशाहीचं. पण हे त्याला सांगणार कोण?

बंदर पुन्हा उभं राहिलं. काळ्या दगडाची, चार मिनारांची ही मशीद १६५९-६०ची. लोक सांगतात, विजापूरची शहजादी आयेशाबीबी हजला निघाली, पण चाच्यांच्या भीतीने जहाज सुटेना. शेवटी वाटखर्चाला आणलेल्या पैशांतून तिने ही मशीद बांधली. दंतकथाच म्हणा. मला ती खरी वाटली, त्याला कारण वेगळं. माझ्या अम्मीनेही हजसाठी पैसे साठवले होते. ते माझ्या बी.ए.च्या फीला आणि बहिणीच्या लग्नाला गेले. मक्केचं नाव तिने पुन्हा काढलं नाही.

पायरीवर बराच वेळ बसलो. दुसरी फेरीबोट लागली, तेव्हा उठलो.