सिमेंटच्या भट्टीतून वाचलेली कवटी

नेदरलँड्सच्या दक्षिण टोकाला, बेल्जियमच्या सीमेला खेटून मास्ट्रिख्त शहर आहे. त्याच्या भोवतालची मऊ चुनखडी शेकडो वर्षे खणली गेली. आधी घरांच्या चिऱ्यांसाठी, पुढे सिमेंटसाठी. सुमारे १७८० मध्ये तिथल्या सेंट पीटर टेकडीच्या भुयारांत एक प्रचंड जबडा सापडला. कुणी त्याला देवमासा म्हटले, कुणी मगर. फ्रेंच सैन्याने शहर घेतल्यावर तो पॅरिसला गेला, आणि ती समुद्रात राहणारी महाकाय सरड्याच्या कुळातली जात आहे, हे फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्युव्हिएने मान्य केले. या टेकडीतली हाडे आवडीने जमवणाऱ्यांत हॉफमन नावाचा लष्करी शल्यचिकित्सक होता. पोटापाण्याला दुसरा उद्योग आणि रिकाम्या वेळी खाणीत दगड उलटेपालटे करणे, ही तिथली रीत तेव्हापासूनची.

त्याच रीतीतल्या एका हौशी संग्राहकाने २००० साली सीमेपलीकडच्या, बेल्जियममधल्या सिमेंटच्या खाणीतून दगडाचे काही तुकडे उचलले. एकेक तुकडा पत्त्यांच्या कॅटाएवढा. वर दिसत होती ती पायांच्या हाडांची मोडकी टोके, बाकी काही नाही. असा दगड बहुतेकांनी टाकून दिला असता. त्याने तो मास्ट्रिख्तच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयाला दिला, आणि मला या सगळ्या कथेत हेच कृत्य सर्वांत मोठे वाटते.

पुढे केंब्रिजच्या डॅनियल फील्ड यांच्या गटाने ते तुकडे सीटी स्कॅनमध्ये घातले. अपेक्षा पायांच्या हाडांची होती. पडद्यावर आली ती जवळजवळ संपूर्ण कवटी, दगडाच्या पोटात, चोचीसकट.

मी अनेक वर्षे महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवले. प्रात्यक्षिकासाठी कोंबडीचे डोके उकळून साफ करायचे, तर चिमटा जरा जोरात लागला की टाळूची हाडे सुटी होऊन पाण्यात तरंगू लागत. इतकी ती पातळ. समुद्राच्या तळाशी, गाळाच्या ओझ्याखाली तीच हाडे सुमारे ६ कोटी ६७ लाख वर्षे टिकली!

ओळख पटवण्याचे काम कवटीतल्या हाडांच्या ठेवणीवरून झाले. चोचीची हाडे एकमेकांत घट्ट जुळलेली नव्हती; कोंबडीच्या कुळात असेच असते. खालच्या जबड्याचे मागचे टोक मात्र आकड्यासारखे वळलेले, बदकात असते तसे. म्हणजे पुढून कोंबडी आणि मागून बदक. ही दोन कुळे ज्या पूर्वजातून फुटली, त्याच्या अगदी जवळचा हा पक्षी. मार्च २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये त्याचे नाव जाहीर झाले: अ‍ॅस्टेरिऑर्निस मास्ट्रिख्तेन्सिस. वजन अंदाजे चारशे ग्रॅम, पाय लांब आणि बारीक, वावर बहुधा समुद्रकिनारी. डायनोसॉरांचा अंत करणारी उल्का आदळली ती याच्यानंतर सुमारे सात लाख वर्षांनी. आपल्याकडे दख्खनचा लाव्हा वाहिला तो काळही भूवैज्ञानिकांच्या मापाने याला लागूनच.

संग्रहालयात पडून राहिलेल्या दगडांनी एवढ्यावर थांबायचे मनावर घेतले नाही. याच परिसरातल्या, १९९० च्या दशकात हौशी हातांनीच गोळा केलेल्या दात असलेल्या एका पक्ष्याचे वर्णन २००२ मध्ये छापले गेले होते. त्यातल्या हाडाचे दोन तुकडे खांद्याचे म्हणून नोंदले होते. संशोधक हुआन बेनितो यांनी स्कॅनमध्ये ते एकमेकांना जोडून पाहिले आणि निघाले टाळूचे हाड, आकाराने कोंबडी-बदकांच्या हाडाशी मिळतेजुळते. टाळूच्या रचनेवरून पक्ष्यांची विभागणी करण्याची पद्धत ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ हक्सलेने १८६७ मध्ये घातली होती. शहामृगाची जखडलेली टाळू जुनी आणि बाकी पक्ष्यांची हलती टाळू नंतरची, असे आम्ही वर्गात शिकवत आलो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दात असलेल्या प्राचीन पक्ष्यातल्या हलत्या टाळूच्या या एका हाडाने तो क्रम उलटा असण्याची शक्यता पुढे आणली.

सेंट पीटर टेकडीवरची सिमेंटसाठीची खुदाई २०१८ मध्ये बंद झाली. तोवर खणलेल्या चुनखडीतले कुणी न उचललेले दगड भट्टीत गेले.