गल्ली कोणाची? नागरिक आणि नगरपालिका यांच्या दीडशे वर्षांच्या व्यवहाराची गोष्ट

आज आपण वसमतच्या एका गल्लीपासून सुरुवात करू, पुण्या-मुंबईला जाऊन येऊ आणि शेवटी पुन्हा वसमतलाच येऊन थांबू.

वसमत म्हटलं की आधी आठवते ती हळद. इथल्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आसपासच्या तालुक्यांतला शेतकरी इथे माल घेऊन येतो. बाजार मोठा आहे, पण शहर म्हणून वसमत लहानच. २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या सत्तर हजारांच्या आत होती. हा आकडा जरा लक्षात ठेवा, पुढे तो कामाला येणार आहे.

आता साधा प्रश्न. पावसाळ्यात गल्लीतली नाली तुंबली, की आपण काय करतो? नगरसेवकाला फोन. त्यांनी उचलला तर ठीक, नाही उचलला तर शिव्या. उंबऱ्याच्या आतलं ते आपलं आणि उंबऱ्याबाहेरचं ते नगरपालिकेचं, अशी वाटणी आपण मनाशी करून टाकली आहे. ही वाटणी आली कुठून? आणि ती मोडून नागरिक आणि पालिका एकत्र आले, असं कधी घडलं आहे का? घडलं असेल तर ते टिकलं का? आजचा विषय एवढाच.

तीन मुलखांच्या नगरपालिका

आजच्या महाराष्ट्रातली शहरं तीन वेगवेगळ्या मुलखांतून आली आहेत. मुंबई इलाख्यात शहरी स्वराज्याची सुरुवात तुलनेने लवकर झाली. मुंबईत १८७२ च्या कायद्याने ६४ सदस्यांची महापालिका आली आणि त्यांतले निम्मे सदस्य करदात्यांनी निवडायचे ठरले. म्हणजे मत कुणाला? जो कर भरतो त्याला. झोपडीतल्या माणसाला नाही, गल्ली झाडणाऱ्याला तर नाहीच. पुण्यात १८७६ ते १८८२ या काळात महात्मा फुले नगरपालिकेचे सदस्य होते, तेही सरकारने नेमलेले. व्हाइसरॉय लिटन पुण्याला येणार म्हणून स्वागतावर एक हजार रुपये खर्च करण्याचा ठराव आला, तेव्हा त्याला फुल्यांनी विरोध केला. हा पैसा शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं होतं. पालिकेचा पैसा कुठे जातो हे विचारण्याची आपल्याकडची परंपरा इतकी जुनी आहे. पुढे १८८२ मध्ये लॉर्ड रिपनचा ठराव आला आणि लोकनियुक्त सदस्यांची संख्या हळूहळू वाढत गेली.

दुसरा मुलूख विदर्भाचा, म्हणजे मध्य प्रांत आणि वऱ्हाड. तिसरा आपला मराठवाडा, ज्याला आपले आजोबा-पणजोबा ‘मोगलाई’ म्हणायचे. निजामाच्या राज्यात स्थानिक संस्था होत्या, पण कारभार मुख्यतः महसुली अधिकाऱ्याच्या हाती असायचा. रस्ता करायचा तर सरकार करणार आणि रयतेने अर्ज द्यायचा. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. नगरपालिकांचे वेगवेगळे कायदे मात्र तसेच चालू होते. मुंबईचे १९०१ आणि १९२५ चे, मध्य प्रांत-वऱ्हाडचा १९२२ चा, हैदराबादचा १९५६ चा. हे सगळे रद्द करून १९६५ साली महाराष्ट्राने सर्व नगरपरिषदांसाठी एकच कायदा केला. वसमतची नगरपरिषद आज त्याच कायद्याखाली चालते.

कायदा एक झाला. पण अर्ज देऊन वाट बघायची सवय कायद्याने जात नाही.

नुसतं सरकार आणि नुसते लोक

लोकांना बाजूला ठेवून शहर साफ करायला गेलं की काय होतं, हे पुण्याने १८९७ मध्ये पाहिलं. प्लेगची साथ होती. घरं तपासणं आणि रोगी वेगळे करणं गरजेचंच होतं. पण रँडच्या हाताखाली गोरे सोल्जर घराघरांत घुसले, देवघरापर्यंत गेले, सामान बाहेर काढून जाळलं. २२ जून १८९७ च्या रात्री चाफेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करताना प्लेगनेच गेल्या. एकाच शहरात, एकाच वर्षी, एकाच रोगाशी लढण्याच्या या दोन रीती.

दुसरं टोक गाडगेबाबांचं. हातात खराटा घेऊन बाबा गावात शिरायचे, दिवसभर गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात त्याच गावाला प्रश्न विचारायचे. त्यांनी सरकारची वाट पाहिली नाही. पण बाबा पुढच्या गावाला गेल्यावर मागच्या गावात खराटा कोण धरणार? २०००-०१ मध्ये ग्रामविकास मंत्री आर. आर. पाटील यांनी गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं. अनेक गावं खरोखर पालटली. मात्र ज्या गावाने बक्षिसापुरता झाडू धरला, तिथे समिती येऊन गेल्यावर उकिरडा जागेवर परत आला. आपल्यापैकी अनेकांनी हे डोळ्यांनी पाहिलं आहे.

तेव्हा नुसत्या सरकारने जमत नाही आणि नुसत्या उत्साहानेही टिकत नाही. मग दोघं मिळून?

घाटकोपरची जोशी लेन

१९९६-९७ च्या सुमारास मुंबईत घाटकोपरच्या जोशी लेनमधले रहिवासी कचऱ्याला वैतागून एकत्र आले. त्यांचा पालिकेशी झालेला व्यवहार सोपा होता. आम्ही ओला आणि सुका कचरा वेगळा करतो, तुम्ही तो वेगळा उचला आणि आमच्या गल्लीचे रस्ते, गटारं, दिवे यांच्या तक्रारी वेळेवर सोडवा. महापालिकेने त्यातून सगळ्या शहरासाठी एक योजना केली. तिचं नाव प्रगत परिसर व्यवस्थापन, बोलीभाषेत ‘एएलएम’. साधारण हजारभर लोकवस्तीचा एक गट, त्याची नोंदणी आणि त्याच्याशी बोलायला वॉर्डात एक नेमलेला अधिकारी. शेकडो गट उभे राहिले.

पुढे त्यांतले बरेच थंडावले. चार-पाच उत्साही मंडळींवर, बहुधा निवृत्तांवर, सगळा भार पडला. अधिकारी बदलला की पहिल्यापासून सुरुवात. शिवाय इमारतीत राहणाऱ्यांचा गट सहज होतो. ज्यांच्या घराला नळही नाही आणि पत्ताही नाही, त्यांनी कोणत्या गटाची नोंदणी करायची?

पुण्याची सार्वजनिक शौचालयं

या प्रश्नाचं एक उत्तर पुण्यात मिळालं. इथे आपण जरा जास्त वेळ थांबू.

वस्त्यांतली शौचालयं म्हणजे काय, हे तिथे राहिलेल्यांना सांगायला नको. ठेकेदाराने बांधायची, सहा महिन्यांत दारं जायची, पाणी नसायचं, मैल्याची टाकी तुंबायची. बायका अंधाराची वाट बघायच्या. १९९२ ते १९९९ या काळात पुणे महापालिकेने अशी फक्त बावीसेक शौचालयं बांधली होती.

१९९९ मध्ये आयुक्त रत्नाकर गायकवाड यांनी वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन स्वयंसेवी संस्थांना हे काम करायला बोलावलं. अट अशी की फक्त बांधून मोकळं व्हायचं नाही, वस्तीबरोबर देखभालही करायची. बांधकामाचा खर्च, पाणी आणि वीज महापालिकेची. रोजची झाडलोट आणि राखणदाराचा पगार वस्तीने पासाच्या पैशातून काढायचा, कुटुंबामागे महिना २० रुपयांच्या आसपास. स्पार्क, झोपडपट्टीवासीयांचा राष्ट्रीय महासंघ आणि महिला मिलन यांनी मिळून मोठा वाटा उचलला. वस्तीतल्या बायका, ज्यांनी कधी निविदा पाहिली नव्हती, त्या ठेका घेऊन सिमेंट, वीट आणि मजुरी यांचा हिशेब करू लागल्या.

मग आराखडा बदलला, कारण आता तो वापरणारा माणूस बोलत होता. बायकांचं आणि पुरुषांचं दार वेगळं. रांगेत मोठी माणसं लेकरांना मागे ढकलतात, म्हणून लहान मुलांसाठी वेगळी, छोटी भांडी. राखणदाराला कुटुंबासह राहायला तिथेच खोली. पाण्याची मोठी टाकी. हे शहाणपण कार्यालयात बसलेल्या अभियंत्याला का सुचलं नसेल? तो वाईट होता म्हणून नव्हे. त्याला त्या रांगेत कधी उभं राहावं लागलं नव्हतं.

आयुक्त दर आठवड्याला बैठक घ्यायचे. अभियंते, संस्था, प्रभागातले अधिकारी सगळे समोरासमोर. कुठे नळजोड अडला, कुठे जागेचा वाद आहे, कुठे बिल थांबलं, हे तिथेच निघायचं. दोन-तीन वर्षांत चारशेहून अधिक शौचालयं उभी राहिली. मुंबईतही जागतिक बँकेच्या मलनिःसारण प्रकल्पाखाली असाच वस्ती स्वच्छता कार्यक्रम चालला. तिथे प्रौढ माणसामागे १०० रुपये, घरामागे जास्तीत जास्त ५०० रुपये आधी जमा करायचे, मगच बांधकाम. वस्तीची तयारी खरी आहे का, हे त्यातून कळायचं.

सगळं गोड झालं का? नाही. आयुक्तांची बदली झाल्यावर पुण्यातला वेग ओसरला. पण ज्या वस्तीकडे पासाची वही, राखणदार आणि बैठक या तिन्ही गोष्टी राहिल्या, तिथे उभं राहिलेलं काम टिकायला आधार होता.

घाम कोणाचा?

आता एक गोष्ट, जी अशा व्याख्यानांत बहुधा राहून जाते. ‘लोकसहभाग’ म्हटलं की आपण रहिवासी आणि पालिका असे दोघेच धरतो. तिसरा माणूस रस्त्यावर उभा असतो. पुण्यात १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या बहुसंख्य बायका दलित. त्यांना चोर समजून हुसकावलं जायचं. पंचायतीने ओळखपत्रं दिली, महापालिकेने त्यांना मान्यता दिली. यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. वेचक बाई दारात येऊन वेगळा केलेला कचरा नेते, घर तिला महिन्याचे ठरलेले पैसे देतं, सुक्या कचऱ्यातून विकण्याजोगं ते तिचं. घर, पालिका आणि कष्टकरी अशी तीन नावं एका व्यवहारात आली. कराराच्या नूतनीकरणावरून पुढे अनेकदा संघर्ष झाला, हेही खरं. पण संघर्ष करायला हातात कागद होता.

या सगळ्या उदाहरणांतून आपण एकच निष्कर्ष काढतो. नागरिक आणि पालिका यांचं सहकार्य सद्भावनेवर सुरू होतं आणि व्यवस्थेवर टिकतं. कोणी काय करायचं हे लिहिलेलं हवं. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी बैठक हवी. आणि जो प्रत्यक्ष झाडतो, उचलतो, तो त्या बैठकीत बसलेला हवा.

आता सत्तर हजारांचा आकडा

१९९३ मध्ये ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती अंमलात आली. ७३ व्या दुरुस्तीने गावाला ग्रामसभा दिली. म्हणजे वसमतपासून चार किलोमीटरवरच्या खेड्यातला कोणताही मतदार उभं राहून सरपंचाला खर्च विचारू शकतो. ७४ व्या दुरुस्तीने शहरांना प्रभाग समित्या दिल्या, पण सक्ती फक्त तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांना. वसमत सत्तर हजारांच्या आत. म्हणजे खेड्याला सभा आहे, महानगराला समिती आहे आणि मधल्या शेकडो गावांतला नागरिक अधांतरी. २०२१-२२ नंतर तर राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांवर प्रशासक होते. २०२५ च्या अखेरीस निवडणुका होईपर्यंत फोन करायला नगरसेवकही नव्हता.

सक्ती नाही म्हणजे मनाई आहे का? नाही. प्रभागाची सभा भरवायला कोणताही कायदा आडवा येत नाही. नालीचं काम निघालं की त्याचं अंदाजपत्रक आणि कार्यादेश माहितीच्या अधिकारात मागता येतो. तो गल्लीच्या भिंतीवर लावता येतो. महिन्यातून एक संध्याकाळ ठरवून नगरसेवक, स्वच्छता निरीक्षक आणि गल्ली झाडणारे कामगार यांना एका सतरंजीवर बसवता येतं. आणि त्या बैठकीत आपणही लिहून द्यायचं, की नालीत प्लास्टिक टाकणार नाही, ओला-सुका वेगळा करू, घरपट्टी वेळेवर भरू.

हळदीच्या सौद्यात दोन्ही बाजू समोर असतात. माल दिसतो, भाव बोलला जातो, वजन होतं आणि पावती मिळते. वसमतला हा व्यवहार शिकवायची गरज नाही. तो गल्लीत आणायचा आहे.

इथे थांबू. प्रश्न घ्यायला वेळ आहे. पहिला प्रश्न मागच्या रांगेतून आला तर जास्त आनंद होईल.