व्होल्टेची वीज आणि शाश्वतीचे मोल

परमुलखात कारखाना काढू पाहणारा भांडवलदार जागा, मजूर आणि जकात यांची चौकशी आधी करीत असेल, असे आपल्याला वाटते. परंतु काही धंद्यांचा पहिला प्रश्न विजेचा असतो. ॲल्युमिनियमचा धंदा त्यांतला अग्रगण्य होय. एक किलो धातू काढण्यास आजही १३ ते १५ युनिट वीज लागते. शिवाय तो प्रवाह अखंड हवा. काही तास तुटला, तर घटांतला तापलेला रस थिजून कारखाना निकामी होण्याची वेळ येते. अशा कारखानदारास स्वस्ताईइतकीच शाश्वतीही हवी असते. परक्या देशात ती शाश्वती कोण देतो आणि तिचे मोल कोणाच्या पदरी पडते, हे घानाच्या व्होल्टा नदीने चांगले दाखवून दिले आहे.

अकोसोंबो येथील घळीत धरण बांधता येईल, हे आल्बर्ट किटसन या भूगर्भशास्त्रज्ञाने १९१५ सालीच हेरले होते. पुढे चाळीस वर्षे ही कल्पना बहुतांशी कागदावरच राहिली. १९५७ साली देश स्वतंत्र झाला आणि क्वामे एन्क्रुमा यांनी तिला राष्ट्रीय उत्थानाचे साधन मानले. पण अडचण उघड होती. एवढी वीज विकत घेईल असा गिऱ्हाईक देशात नव्हता आणि गिऱ्हाईक ठरल्यावाचून सावकार कर्ज देण्यास तयार नव्हते. ही गाठ अमेरिकेच्या कैसर उद्योगसमूहाने सोडविली. त्याच्या अभियंत्यांनी धरणाची योजना नव्याने तपासून दिली आणि त्याच समूहाच्या ॲल्युमिनियम कंपनीने रेनॉल्ड्स कंपनीस सोबत घेऊन ‘व्हॅल्को’ स्थापिली. म्हणजे सल्लागाराचे घर आणि गिऱ्हाइकाचे घर एकच होते! जागतिक बँकेने, अमेरिकेने व ब्रिटनने धरणास कर्ज दिले. खर्चाचा सुमारे अर्धा भार घानाने स्वतः उचलला. कंपनीच्या भांडवलास अमेरिकी सरकारने हमीचे कवच दिले.

१९६२ सालचा मूळ करार पाहण्यासारखा आहे. कंपनीला तीस वर्षे वीज मिळावयाची होती आणि तिचा आरंभीचा दर युनिटला एका सेंटच्या चौथ्या हिश्श्याहून किंचित अधिक होता. म्हणजे एका डॉलरला सुमारे ३८० युनिटे. घानाच्या भूमीत बॉक्साइट विपुल असूनही टेमा येथील कारखान्याने परदेशातून आणलेला ॲल्युमिना वापरावा, अशीच व्यवस्था झाली. देशाच्या वाट्यास आली ती मुख्यतः वीजविक्री, काही हजार नोकऱ्या आणि एक विस्तीर्ण जलाशय. तो सुमारे ८,५०० चौरस किलोमीटरांचा आहे. आपला अख्खा कोल्हापूर जिल्हा त्यात बुडून वर जागा उरेल! त्यासाठी सुमारे ८०,००० माणसे विस्थापित झाली. त्यांच्यासाठी वसविलेल्या गावांपैकी अनेक गावांत कित्येक वर्षे दिवा लागला नाही.

एन्क्रुमांना केवळ दोष देणे न्यायाचे होणार नाही. या गिऱ्हाइकावाचून धरण उभे राहिले नसते, आणि धरणावाचून घानाच्या शहरांना व खाणींना ती वीज मिळाली नसती. २२ जानेवारी १९६६ रोजी त्यांनी प्रकल्पाचे उद्घाटन केले. त्यानंतर सुमारे महिन्याने, २४ फेब्रुवारीस, त्यांची सत्ता उलथली. पुढे सरकारे आली आणि गेली, करार मात्र चालू राहिला. १९६७ साली कारखाना सुरू झाला. धरणाच्या विजेचा निम्म्याहून अधिक वाटा तो घेऊ लागला.

१९७० नंतरच्या दशकात जगभर इंधनाचे भाव भडकले, परंतु व्होल्टेची वीज जुन्या बेतानेच विकली जात राहिली. पुढे पावसाने दगा दिला. १९८३-८४च्या अवर्षणात जलाशयाची पातळी इतकी उतरली की, कारखान्याची वीज तोडावी लागली आणि तो बंद पडला. कराराने दराची शाश्वती दिली होती, पावसाची देणे कोणाच्याच हाती नव्हते. त्याच काळात घानाने नव्या वाटाघाटी नेटाने चालविल्या आणि १९८५ साली दर बराच वाढवून घेतला. तोवर देशातले घरगुती व इतर गिऱ्हाईकही वाढले होते आणि एकाच जलाशयावर दोघांचा हक्क सांगितला जाऊ लागला. अखेर पुरवठा व दर यांच्या वादात २००३ साली कारखाना पुन्हा थांबला. कैसर कंपनी निघून गेली आणि २००४ साली तिचा हिस्सा घाना सरकारने विकत घेतला.

या इतिहासातून काय घ्यावयाचे? विजेची शाश्वती कागदावर निर्माण होत नाही. कागद फक्त तुटीचा भार कोणी सोसावयाचा, एवढे ठरवितो. पाऊस कमी पडला, इंधन महागले, वस्ती वाढली, तर ती तूट कोणाच्या तरी दारात जातेच. व्होल्टेच्या करारात ती प्रथम घानाच्या दारात ठेवली गेली. वीस वर्षांनी ती कंपनीच्या दारातही पोहोचली. परदेशी जाणाऱ्या कंपनीस आणि तिला बोलावणाऱ्या देशास, दोघांनाही लागू पडणारा हा धडा आहे. ज्या करारात अवर्षणाच्या वर्षाचा हिशेब दोघांनी मिळून आधीच मांडलेला असतो, त्याच्यावरच घटांची रांग निर्धास्तपणे पेटवावी.