तारेवरची कांडी: स्लाइड गिटारची कुळकथा

स्लाइड गिटार वाजवताना डावा हात तार पट्टीवर दाबत नाही. काचेची नळी किंवा पोलादी कांडी तारेला नुसती टेकवून सरकवायची. उजव्या हाताचा अंगठा खर्ज सांभाळतो, बोटे चाल वाजवतात. सुरामागून सूर तुटक येत नाही, मींड घेत येतो. अमेरिकेतल्या ब्लूजचा तर हा प्राणच.

हे तंत्र तेराव्या शतकात देवगिरीला लिहून ठेवलेले आहे. सिंघण यादवाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त एकतंत्री वीणा वर्णिली आहे. तिला पडदे नाहीत. डाव्या हातातली बांबूची कांडी तारेवरून फिरवायची. शार्ङ्गदेव राजाच्या दप्तरातला अधिकारी होता आणि वाद्यांची मापे त्याने तशाच काटेकोरपणे दिली आहेत.

ही कांडी गिटारवर कोणी आणली, याचा खरा वाद हवाई बेटांवरचा आहे. प्रचलित कथा जोसेफ केकुकू या शाळकरी मुलाची: रुळांवर सापडलेला बोल्ट त्याने गिटारच्या तारांवर सरकवून पाहिला. दुसरी कथा गॅब्रिएल डेव्हियनची. भारतात जन्मलेल्या या मुलाला एका जहाजाच्या कप्तानाने पळवले, तो होनोलुलूला पोचला आणि 1880च्या दशकात त्याच्या वादनाची चर्चा झाली, असे सांगतात. प्रसाराचे श्रेय निर्विवाद केकुकूचे. पण पडद्याविना सरकत्या कांडीने वाजवण्याची चाल ज्या देशात शतकानुशतके होती, तिथल्या मुलाने ती सोबत नेली असणे अधिक संभवनीय वाटते.

तिसरा दावा आफ्रिकेचा, आणि तो भक्कम आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत आफ्रिकी वंशाची कृष्णवर्णीय मुले भिंतीला एकच तार ठोकून तीवर बाटली सरकवत. त्या वाद्याला डिडली बो म्हणतात. ब्लूज संगीतकार डब्ल्यू. सी. हँडी यांनी 1903च्या सुमारास मिसिसिपीतल्या टटवायलर स्टेशनवर एका माणसाला गिटारवर सुरी सरकवताना ऐकले. हवाई गिटारची खरी लाट 1915च्या सॅन फ्रान्सिस्को प्रदर्शनानंतरची. म्हणजे ब्लूजचे मूळ आफ्रिकेत शोधावे, हवाईच्या शाखेचे मात्र भारतात.

पुढे हवाईयन गिटार मुंबईच्या चित्रपटसंगीतात रुळली. ब्रिजभूषण काबरा यांनी तिच्यावर राग मांडले. 1967च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबत त्यांचीच गिटार आहे. विश्वमोहन भट्ट यांनी तरफेच्या तारा जोडून मोहनवीणा घडवली. अमेरिकी लोकसंगीत आणि ब्लूजमध्ये मुरलेले राय कूडर त्यांच्यासोबत वाजवायला बसले. त्यातून निघालेल्या ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ला 1994 साली ग्रॅमी मिळाले.