फ्रेममध्ये न मावणारा वड

वडाचा फोटो मनासारखा आला असं सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. जवळ गेलं की नुसतं खोड येतं, लांब गेलं की हिरवा ढीग दिसतो, आणि पॅनोरमा काढावा तर फोन फांद्या कशाही जोडून टाकतो. नारळाचं असं होत नाही. एकच शेंडा, सगळी वाढ त्यातूनच. फोन उभा धरला की मावला. शाळेच्या मैदानावरचा बदामही आपली चाल लपवत नाही. थोडं सरळ वर जायचं, मग चहूबाजूंनी आडव्या फांद्यांचा एक मजला काढायचा, की परत वर. वडाचं मात्र सुरू कुठे होतं आणि संपतं कुठे, तेच कळत नाही.

झाडांनी कॅमेऱ्याला दमवायची ही गोष्ट कॅमेऱ्याइतकीच जुनी आहे. विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट या इंग्रजाने 1841 मध्ये कागदावर निगेटिव्ह तयार करण्याच्या आपल्या पद्धतीचं पेटंट घेतलं. पुढच्या एक-दोन वर्षांत त्याने लॅकॉक इथल्या आपल्या घराच्या आवारातल्या ओकचा फोटो काढला, तोही पानं गळून गेलेल्या, हिवाळ्यातल्या ओकचा. त्यात सोय होती. तेव्हाच्या रसायनांना निळा प्रकाश चांगला कळायचा, हिरवा फारसा नाही, त्यामुळे पानं काळीकुट्ट उमटत. शिवाय कॅमेरा बराच वेळ उघडा ठेवावा लागे. तेवढ्यात वारा सुटला की पानांचा नुसता धूर. उघड्या फांद्या मात्र गप उभ्या राहतात. टॅल्बट स्वतः वनस्पतींचा जाणकार होता. त्याच्या त्या फोटोत फांदी कुठे फुटली, कुठे वळली, बारीक काटक्यांपर्यंत दिसतं. आपल्याकडे हे बघायचं असेल तर माघ-फाल्गुनात सावरीखाली जाऊन उभं राहा.

वड असा कधी पुरता उघडा पडत नाही. 1863 मध्ये सॅम्युएल बोर्न भारतात आला. काचेवर रसायन ओतायचं, ते ओलं असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच तिथेच तो धुवायचा, अशी ती पद्धत. म्हणजे काळोखा तंबू, बाटल्या, काचा आणि ते सगळं वाहणारे हमाल बरोबर. कोलकात्याजवळच्या बराकपूरच्या वडाचे फोटो त्याने काढले. त्या काळातले वडाचे असे फोटो बघताना मला एक गंमत वाटते: झाड बाहेरून दाखवण्यापेक्षा फोटोवाल्याला झाडाच्या आत शिरणं सोपं गेलेलं दिसतं. पारंब्यांच्या खांबांमधून बघितलं की वड म्हणजे एखादा सभामंडप.

पारंबी आधी दोरीसारखी लोंबते, वाऱ्यावर हलते. मातीला टेकून मुळं धरली की जाड व्हायला लागते आणि वरच्या फांदीला टेकू मिळतो. मग फांदी आणखी पुढे जाते, तिथून नवी पारंबी सोडते. कोलकात्याच्या पलीकडे शिबपूरच्या वनस्पती उद्यानातल्या वडाने हे कुठवर नेलं बघा. 1864 आणि 1867 च्या चक्रीवादळांत तो जखमी झाला, जखमांतून बुरशी शिरली आणि शेवटी 1925 मध्ये त्याचं मूळ खोडच काढून टाकावं लागलं. झाड जिवंत राहिलं. आज तिथे हजारो पारंब्या आहेत, मधोमध खोड नाही. त्याच्याभोवती 330 मीटरचा गोल रस्ता बांधला, तर तो रस्ताही ओलांडून वड बाहेर पडला.

आपला नेहमीचा वड मात्र उद्यानातला नसतो, रस्त्याकडेचा असतो. सावलीसाठी वाटांवर वड लावल्याचं सम्राट अशोकाने स्तंभावर कोरून ठेवलंय, इतकी ही रीत जुनी. पण आपल्या हायवेच्या वडाला खांब असलेले तुम्ही कितीसे पाहिलेत? पारंब्या फांदीखाली झुपक्याने लोंबतात आणि एका उंचीवर सरळ रेषेत संपतात, कात्री लावल्यासारख्या. काही ट्रकच्या टपांनी तोडलेल्या, काही कोयत्याने छाटलेल्या. आणि ज्या खालपर्यंत आल्या असत्या त्यांच्या वाट्याला डांबर.

आमच्या गावाच्या फाट्यावर असा एक वड आहे. माझ्याकडे त्याचे 2015 पासूनचे फोटो आहेत, बहुतेक एसटीची वाट बघता बघता काढलेले. तेव्हा मला सावली दिसत होती, चहाची टपरी दिसत होती. मागच्या पावसाळ्यात रस्त्यावर आलेली आडवी फांदी रात्रीतून कडाडून पडली. खाली कुणी नव्हतं. सकाळी जमलेले लोक म्हणाले, झाड म्हातारं झालंय, धोकादायक आहे, काढून टाका. मी फोनमधले फोटो ओळीने लावून बघितले. त्या फांदीला प्रत्येक फोटोत पारंब्या आहेत, आणि दरवर्षी त्या तेवढ्याच उंचीवर कापलेल्या. फांदी लांबत गेलेली, खाली एकही टेकू नाही. शेताच्या बाजूच्या फांदीखालची पारंबी मात्र 2015 मध्ये मनगटाएवढी होती, आता तिला मिठीत घ्यावं लागतं. ती फांदी जागची हललेली नाही.

चुलत्यांना दाखवलं. ते म्हणाले, "अरे, पारंब्या आम्हीच तोडायचो की. टेम्पोवरचा कडबा अडकायचा." मग चष्मा वर सरकवून पुन्हा पहिल्या फोटोवर गेले.

वड काढायचं अजून ठरलेलं नाही. मोडलेल्या जागेच्या मागे, रस्त्यापासून हातभर आत, या वर्षी तीन नव्या पारंब्या सुटल्यात. खाली माती आहे. टपरीवाल्या काकांना सांगून ठेवलंय, कुणी कोयता घेऊन आलं तर आधी मला फोन करा. तोवर दर महिन्याला टपरीच्या त्याच खांबाला पाठ लावून एक फोटो काढतोय. सगळ्यात लांब पारंबी परवा माझ्या खांद्यापर्यंत आली होती.