वाडा पाडताना एकदा थांबा

परवा आपल्या गावात आणखी एक वाडा पडला. सागवानी दार, पितळी समया, तारा तुटलेला तंबोरा, सगळं एकाच टेम्पोतून भंगारात गेलं. तेव्हा पुण्याचे दिनकर केळकर आठवले.

सर रतन टाटांनी जमवलेल्या चिनी कलावस्तू आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. त्यांच्याकडे पैसा होता. केळकरांचं मात्र चष्म्याचं दुकान! तरी हा माणूस गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, कोरीव दारं, सारंग्या, वीणा गोळा करत राहिला. कमलाबाईंची साथ होतीच. मुलगा राजा लहानपणीच गेला, संग्रहालयाला त्याचं नाव दिलं. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून तो आत पुन्हा उभा केला. आणि पुढे हा हजारो वस्तूंचा संग्रह सरकारच्या स्वाधीन केला. विकला असता तर पिढ्या बसून खाल्ल्या असत्या.

प्रत्येक गावाला केळकर मिळत नाही, मान्य. पण मंडळी, टेम्पो बोलावण्याआधी निदान एक फोटो काढा. तो तंबोरा कुणाच्या हातातला होता, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून लिहून ठेवा. भंगारवाला फक्त वजन करतो.